कुलूपबंद इस्पितळ

भंडारा म्हटले की वाचकांच्या मनात तळी येतात, भाताची बांधी येतात, पितळेची भांडी आणि वैनगंगेचे पात्र येते. मुंबईच्या कामाठीपुऱ्यासारखे किंवा नागपूरच्या गंगा-जमुनेसारखे बदनाम नाव या जिल्ह्याला चिकटलेले नाही. म्हणूनच हा लेख आम्ही भंडाऱ्यापासून सुरू करीत आहोत. देहविक्रय करणाऱ्या स्त्रिया, त्यांना जडणारे गुप्तरोग आणि त्यांच्याभोवतीची दारू व इतर नशा हा विषय निघाला की आपण सारे जण कुठल्या तरी दूरच्या गल्लीकडे बोट दाखवतो आणि आपल्या अंगणात निश्चिंतपणे उभे राहतो. इतिहास मात्र अंगण आणि गल्ली यांच्यातील ही भिंत मानीत नाही.

कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या त्रैमासिकात असला विषय कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की या रोगांचा इतिहास मुख्यतः कुटुंबांचाच इतिहास आहे. नवऱ्याकडून आलेल्या रोगाने वंध्य झालेल्या स्त्रिया, जन्मतःच डोळे गमावलेली बालके, पोटातच दगावलेली मुले ही सारी चारचौघांच्या घरांतली होती. त्यांची नोंद कोणी ठेवली नाही. नोंद ठेवली गेली ती बाजारातल्या बाईची. ती का आणि कशी ठेवली गेली, हे पाहण्यासाठी भंडाऱ्याहून पश्चिमेकडे कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीपर्यंत जावे लागेल.

परंतु त्याआधी थोडे मागे जाऊ. पंधराव्या शतकाच्या अखेरीस नेपल्सच्या वेढ्यात युरोपभर उपदंशाचा भडका उडाला. फ्रेंचांनी त्याला नेपल्सचा रोग म्हटले, इटालियनांनी फ्रेंचांचा रोग म्हटले. पोर्तुगीज जहाजांबरोबर तो हिंदुस्थानात उतरला, आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या ‘भावप्रकाश’ या वैद्यकग्रंथात त्याला ‘फिरंगरोग’ हे नाव मिळाले. फिरंग्यांच्या अंगसंगाने, विशेषतः फिरंगिणीच्या संगाने, तो जडतो असे निदान तेथे दिले आहे आणि उपचारांत रसकापूर व चोपचिनी सांगितली आहे. हीच चोपचिनी आपल्याला १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या गार्सिया द ऑर्ता यांच्या ग्रंथातही भेटते. हे पोर्तुगीज वैद्य १५३४ साली गोव्यास आले. त्याच वर्षी वसईचा तह झाला, आणि पुढे मुंबई बेट काही काळ याच वैद्यबुवांकडे खंडाने होते. वसई-मुंबईच्या वाचकांना त्यांचे नाव परके नसावे.

गंमत अशी की चार देशांच्या चार वैद्यांना रोगाचे मूळ प्रत्येक वेळी शेजाऱ्याच्या घरातच सापडले, आणि शेजाऱ्याच्या घरातही पुरुषापेक्षा बाईच्या ठिकाणी. दोष चिकटवण्याची ही सवय फार जुनी. मरिया माग्दालियेचेच पाहा. शुभवर्तमानात तिला कोठेही वेश्या म्हटलेले नाही. इसवी सन ५९१ च्या एका प्रवचनात पोप ग्रेगरी यांनी तिची लूकच्या शुभवर्तमानातील निनावी पापिणीशी सांगड घातली आणि चौदाशे वर्षे तीच ओळख राहिली. १९६९ साली उपासनेच्या दिनदर्शिकेतून ही गल्लत दूर झाली, आणि २०१६ साली पोप फ्रान्सिस यांनी तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला.

आता कामठीकडे येऊ. १८२१ च्या सुमारास येथे इंग्रजांची छावणी वसली. नागपूरकर भोसल्यांच्या राज्यावर नजर ठेवणे हे तिचे काम, आणि फौज मद्रास इलाख्याची. छावणीत आयरिश कॅथोलिक शिपाई पुष्कळ असत. सव्हॉय प्रांतातील ॲनसीहून आलेल्या, संत फ्रान्सिस द सेल्स यांच्या नावाने चालणाऱ्या संघाच्या धर्मगुरूंनी १८४० च्या दशकाच्या उत्तरार्धात या भागात काम सुरू केले, तेव्हा कामठीतील या शिपायांची आध्यात्मिक सेवा हा त्यांच्या कामाचा मोठा भाग होता. १८८७ साली नागपूर धर्मप्रांत स्थापन झाला आणि महागुरू आलेक्सी रिकाझ त्याचे पहिले बिशप झाले. ज्या धर्मप्रांतात आज भंडाऱ्याचे ख्रिस्ती कुटुंब मोडते, त्याची एक मुळी अशी या छावणीत आहे. आपल्या धर्मग्रामांच्या इतिहासात शिपायांच्या मिस्सेची आठवण सांगितली जाते, आणि ती सांगितली जावी. त्याच छावणीच्या बाजारात राहणाऱ्या बायकांची आठवण मात्र आपल्याकडे कोणी सांगत नाही.

१८५७ च्या उठावानंतर हिंदुस्थानात गोऱ्या पलटणींची संख्या वाढली. बहुतेक शिपाई अविवाहित होते, कारण थोड्याच शिपायांना लग्न करून बायको बरोबर ठेवण्याची परवानगी मिळे. रुग्णालयांतील खाटा गुप्तरोगाने भरू लागल्या, तेव्हा सरकारने १८६४ चा छावणी कायदा आणि पाठोपाठ १८६८ चा सांसर्गिक रोगांचा कायदा केला. या कायद्यांनी बाजारातील बाईची नोंद करावयाची, तिला तिकीट द्यावयाचे, ठरावीक दिवशी तिची शारीरिक तपासणी करावयाची, आणि रोग आढळल्यास बरी होईपर्यंत इस्पितळात डांबून ठेवावयाचे अशी पद्धत बसवली. या इस्पितळाचे नाव ‘लॉक हॉस्पिटल’. लंडनला १७४७ साली या नावाचे एक गुप्तरोगांचे रुग्णालय निघाले होते, आणि त्याआधी महारोग्यांच्या एका जुन्या आश्रयस्थानाला ‘लॉक’ म्हणत, त्यावरून हा शब्द आला. आपल्याकडे मात्र त्याचा साधा अर्थच खरा ठरला. दाराला कुलूप होते.

कामठीतही असे लॉक हॉस्पिटल होते. मद्रास इलाख्याच्या लष्करी इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत बंगळूर, बेल्लारी, सिकंदराबाद यांच्या जोडीला कामठीचे नाव येते. असे अहवाल वाचणे हा विलक्षण अनुभव आहे. नोंदलेल्या बायका किती, दाखल किती, बऱ्या झाल्या किती, गैरहजर राहिल्याबद्दल शिक्षा किती जणींना, असे आकड्यांमागून आकडे येतात. नाव एकीचेही येत नाही. आणि वर्षामागून वर्षे एकच तक्रार येते की नोंदलेल्या बायका निरोगी आहेत, रोग पसरवतात त्या नोंद न झालेल्या. मग संशयाचे जाळे गवत कापणाऱ्या, ओझी वाहणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या मजूर स्त्रियांवर पडू लागे. म्हणजे गरीब बाईने छावणीच्या हद्दीत पाऊल टाकले की ती संशयित.

शिपायाचे काय? ब्रिटिश सैन्यात शिपायांची नियमित गुप्तांग-तपासणी १८५९ च्या सुमारास बंद करण्यात आली होती. ती अपमानास्पद आहे, शिपायाच्या स्वाभिमानाला धक्का बसतो, असे कारण होते. पुरुषाला जो अपमान वाटला तोच बाईला कायद्याने सक्तीचा झाला. एका रोगाला दोन माणसे लागतात आणि तपासणी एकाच माणसाची होते, मग रोग कसा हटावा? वैद्यकदृष्ट्याही त्या तपासणीला फारसा अर्थ नव्हता. परम्याचा जंतू नायसर यांना १८७९ साली सापडला, उपदंशाचा १९०५ साली, आणि रक्ताची वासरमान चाचणी १९०६ साली आली. तोवर डॉक्टर डोळ्यांनी पाहत आणि पाऱ्याचे औषध देत. परमा स्त्रीच्या शरीरात कित्येकदा काहीच लक्षण न दाखवता राहतो, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते? एकाच उपकरणाने एकीमागून एक तपासताना इस्पितळातच रोग पसरत असेल, अशी शंका पुढे घेतली गेली आणि ती अनाठायी नव्हती.

मुंबईत हा कायदा १८७० साली लागू झाला, सरकार आणि नगरपालिका यांच्यातील खर्चाच्या वादात १८७२ साली थांबला, १८८० साली पुन्हा आला. इंग्लंडमध्ये याच धर्तीच्या कायद्यांविरुद्ध जोसेफिन बटलर या पाद्र्याच्या पत्नीने १८६९ पासून चळवळ उभारली होती. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा या कायद्यांना विरोध होता. वेस्टमिन्स्टरचे कार्डिनल मॅनिंग यांनीही बटलरबाईंच्या बाजूने आपले वजन टाकले, हे कॅथोलिक वाचकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे. बटलरबाईंचे म्हणणे सोपे होते. ज्या राज्याला बाईच्या देहावर शिक्का मारून तो पुरुषासाठी सुरक्षित करावासा वाटतो, ते राज्य पापाला आवर घालीत नाही, त्याची व्यवस्था लावते. १८८६ साली इंग्लंडमधले कायदे रद्द झाले आणि १८८८ साली हिंदुस्थानातले.

त्याच सुमारास एक लष्करी परिपत्रक उजेडात आले. १७ जून १८८६ रोजी, सरसेनापती रॉबर्ट्स यांच्या कारकिर्दीत निघालेल्या या पत्रकात पलटणींच्या बाजारांत पुरेशा बायका असाव्यात, त्या दिसायला बऱ्या असाव्यात आणि त्यांच्या राहण्याची नीट सोय असावी, अशा आशयाच्या सूचना होत्या. आल्फ्रेड डायर या चळवळ्या पत्रकाराने ते छापले आणि इंग्लंडमध्ये हलकल्लोळ झाला. कायदा गेला तरी व्यवहार चालूच आहे का, हे पाहण्यासाठी १८९१-९२ च्या हिवाळ्यात एलिझाबेथ अँड्र्यू आणि डॉ. केट बुशनेल या दोन अमेरिकन बायका हिंदुस्थानात आल्या. उत्तरेकडील दहा छावण्यांतून त्या हिंडल्या, ‘चकला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वस्त्यांत गेल्या आणि बायकांशी स्वतः बोलल्या. हजारएक शिपायांच्या पलटणीमागे बारा ते पंधरा बायका ठेवलेल्या त्यांना आढळल्या, आणि त्यांच्यावर देखरेख करणारी महालदारणी. १८९३ साली सरकारी चौकशी समितीपुढे त्यांची साक्ष खरी ठरली आणि लॉर्ड रॉबर्ट्स यांना जाहीर माफी मागावी लागली.

इथे एक अवघड आकडा लपवून चालणार नाही. कायदा उठल्यानंतर गोऱ्या शिपायांतील गुप्तरोग वाढला. १८९५ साली दर हजार शिपायांमागे ५२२ दाखले या रोगांपायी झाले. लष्कराने तो आकडा दाखवून नियम पुन्हा घट्ट केले. बटलरबाईंच्या अनुयायांना हे उत्तर द्यावे लागले, आणि प्रामाणिक वाचकालाही द्यावे लागते. आमचे मत असे की त्या आकड्याने पुन्हा एकदा शिपायाचीच मोजणी केली. आजारी बायका किती, त्यांतल्या किती बऱ्या झाल्या, याचा हिशेब तेव्हाही कोणी मागितला नाही.

भंडाऱ्याशी याचा संबंध येतो तो दुष्काळामुळे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० हे दोन दुष्काळ मध्य प्रांतावर पाठोपाठ कोसळले. १८९१ ते १९०१ या दहा वर्षांत भंडारा जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे एक दशांशाने घटली. भाताच्या मुलखात भात पिकला नाही की आधी मजूर निघतो, मग कुळ, मग लहान शेतकरी. माणसे सरकारी खडी फोडायला गेली, रेल्वेच्या कामावर गेली, रस्त्यांनी शहराकडे गेली. त्यांत एकट्या बायका, विधवा, टाकलेल्या बायका होत्या. अशा बाईला छावणीचा किंवा शहराचा बाजार किती जवळ असतो, हे सांगायला अहवाल लागत नाही. मद्रासकडील इस्पितळांच्या अधिकाऱ्यांनी १८७६-७८ च्या दुष्काळानंतर उपासमारीने या धंद्यात लोटलेल्या बायकांची नोंद केलीच होती. पुढे विसाव्या शतकात तुमसर तालुक्यात मँगनीजच्या खाणी सुरू झाल्या. जेथे पुरुष घर सोडून एकटे राबायला येतात, तेथे दारूचे दुकान आधी येते आणि बाकीचे मागून येते.

नशेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण या विषयात तिला नेहमी तळटीप समजले जाते. इंग्रजी अमदानीत मध्य प्रांतात दारू, अफू आणि गांजा यांची दुकाने सरकार लिलावाने देई. गांजा खंडव्याच्या बाजूला पिके. १८९३-९४ च्या भांग-गांजा आयोगाने त्याची सविस्तर चौकशी केली, पण अबकारीचे उत्पन्न सरकारने सोडले नाही. एका हाताने बाईची तपासणी आणि दुसऱ्या हाताने गिऱ्हाइकाला दारू, असा तो कारभार होता. भंडाऱ्याच्या रानात मोहफूल वेचून हातभट्टी लावण्याची रीत जुनी. शहरात ८० च्या दशकात ब्राउन शुगर आली. मुंबईच्या गल्ल्यांत ती कागदावर तापवून तिचा धूर ओढीत. १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. सुईने नशा घेण्याचे संकट ईशान्येत, विशेषतः मणिपूरमध्ये उसळले आणि १९८९-९० मध्ये तेथे सुईवाटे एच.आय.व्ही. पसरल्याचे आढळले. आपल्याकडे देहविक्रय करणाऱ्या बाईची नशा बहुतेक वेळा दारूची आणि तंबाखूची. विदर्भात त्यात खर्ऱ्याची भर.

ती दारू का पिते, याचे उत्तर व्यसन या शब्दात संपत नाही. दिवसाकाठी अनेक पुरुषांना सामोरे जाण्यासाठी लागणारी बधिरता ती विकत घेते. बरोबर बसून पिण्याचा आग्रह गिऱ्हाइकाचाच असतो, आणि अड्ड्यावर दारूचा हिशेब तिच्या कर्जात चढतो. एकदा शुद्ध सैल झाली की निरोधासाठी अडून बसण्याचे बळ राहत नाही, मार चुकवण्याचे भान राहत नाही, दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जाण्याची उभारी राहत नाही. रोग आणि नशा एकमेकांना अशी धरून असतात. व्यसनी माणसाकडे रुग्ण म्हणून पाहण्याचे काम आपल्या समाजात ज्यांनी केले, त्यांत १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या आवारात कृपा फाउंडेशन सुरू करणारे फादर जो परेरा यांचे नाव घेतलेच पाहिजे. वसईतही कृपाचे केंद्र आहे. पुढे एच.आय.व्ही.बाधितांसाठीही त्या संस्थेने दार उघडले.

मुंबईकडे परत जाऊ. १९१७ साली डंकन रोडवरील एका कुंटणखान्यात अकूताई नावाच्या तरुणीचा छळ करून खून झाला. ती पळून जाऊ पाहत होती. खटल्याच्या बातम्यांनी शहर हादरले आणि आपल्याच शहरात, लोखंडी गजांआड, हे चालते हे सभ्य माणसांना प्रथमच ‘कळले’. १९२१ साली चौकशी समिती बसली, १९२३ साली मुंबईचा वेश्याव्यवसाय प्रतिबंधक कायदा झाला. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली देशभराचा कायदा आला, आणि १९८६ साली त्याचे नाव व कलमे बदलून आजचा कायदा झाला. कायद्यांचे हेतू चांगले होते. कचेरीपर्यंत पोचेस्तोवर मात्र दंड भरावा लागे बाईला, आणि दलाल जामिनावर सुटे.

पेनिसिलिन आले आणि चाळीसच्या दशकानंतर उपदंशाची दहशत सरली. एका सुईने बरा होणारा रोग, म्हणून सरकार आणि समाज दोघेही विसरले. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या विद्यार्थिनी डॉ. निर्मला यांनी देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांच्या रक्तात एच.आय.व्ही. शोधला, तेव्हा ही झोप मोडली. ९० च्या दशकाच्या मध्यावर मुंबईच्या वस्त्यांतील निम्म्याहून अधिक स्त्रिया बाधित असल्याचे दिसून आले. उपदंशासारख्या व्रणांच्या रोगाने एच.आय.व्ही.ला वाट मोकळी होते. जुने दुर्लक्ष असे नव्या रोगाच्या कामी आले. फेब्रुवारी १९९६ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मुंबईत मोठा छापा पडला. चारशेहून अधिक मुली आणि स्त्रिया सुधारगृहांत नेल्या गेल्या, त्यांतल्या पुष्कळ नेपाळच्या होत्या. सर्वांच्या रक्ताची तपासणी झाली. मुलींना सोडवणे आवश्यकच होते, याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु त्या तपासणीविषयी वाचताना कामठीच्या तिकिटाची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

याच काळातील एका वेगळ्या कामाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. भंडाऱ्याच्या दक्षिणेला, वैनगंगेच्याच खोऱ्यात, गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ च्या जानेवारीत ती ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. शेकडा ९२ स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक रोगांपैकी एक वा अधिक व्याधी होत्या, आणि पूर्वी कधी तरी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया शेकडा ८ होत्या. या बाजारातल्या बायका नव्हेत. शेतात रोवणी करणाऱ्या, चूल फुंकणाऱ्या, पोरेबाळे असलेल्या आया होत्या. त्यांतल्या सगळ्याच व्याधी संसर्गाने आलेल्या नव्हत्या, हे खरे. पण दीडशे वर्षे ज्या आजाराची तपासणी फक्त एका बाईची करावयाची असे ठरले होते, तो सर्वांच्या घरात मुकाट बसलेला होता.

सांगलीत १९९२ साली मीना शेषू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘संग्राम’ सुरू केली. गोकुळनगरच्या स्त्रियांना त्यांनी तपासायला न बोलावता कामाला बोलावले. त्या स्वतःच एकमेकींना रोगाची माहिती देऊ लागल्या, निरोध वाटू लागल्या, एकमेकींना दवाखान्यात नेऊ लागल्या. १९९६ साली त्यांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. कलकत्त्यात सोनागाचीला डॉ. स्मरजित जाना यांनी १९९२ पासून हाच मार्ग धरला होता. मुलांसाठी मुंबईत प्रीती आणि प्रवीण पाटकर यांच्या ‘प्रेरणा’ने कामाठीपुऱ्यात रात्रीचे पाळणाघर काढले, कारण आईच्या कामाच्या वेळी मूल पलंगाखाली झोपत असे. देहविक्रयाला साधे ‘काम’ म्हणावे, हे या चळवळींतील काहींचे म्हणणे आम्हांस पटत नाही. त्यांच्या कामाने बायका जगल्या, हे मात्र मान्य करावेच लागते.

निरोधाचा प्रश्न कॅथोलिक वाचकांस टाळता येत नाही. ख्रिस्तसभेची शिकवण बदललेली नाही. तथापि २०१० च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या आपल्या मुलाखतीच्या ग्रंथात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी देहविक्रय करणाऱ्या व्यक्तीचेच उदाहरण घेतले. दुसऱ्याला रोग होऊ नये म्हणून तिने निरोध वापरणे हे नैतिक जबाबदारीच्या जाणिवेकडे पडलेले पहिले पाऊल असू शकते, असे त्यांनी म्हटले. तो खरा किंवा नैतिक उपाय नव्हे, हेही त्यांनी तेथेच स्पष्ट केले. भारतीय बिशपांनी २००५ सालीच एच.आय.व्ही.विषयीचे आपले धोरण जाहीर करून बाधितांच्या सेवेचा व त्यांना न हिणवण्याचा आग्रह धरला होता. काही धर्मग्रामांत बाधिताच्या अंत्यविधीलाही लोक दूर उभे राहिल्याचे आम्ही ९० च्या दशकात पाहिले आहे. धोरणापेक्षा ती आठवण अधिक बोलकी आहे.

वस्ती उठवली की धंदा उठतो, हा समज अजून गेलेला नाही. गोव्यात वास्कोच्या बायणा किनाऱ्यावरील वस्ती २००४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडी, जमीनदोस्त झाली. बायका नाहीशा झाल्या नाहीत, विखुरल्या. नंतर गोव्यातील ३२६ स्त्रियांच्या एका अभ्यासात चारांतील एक एच.आय.व्ही.बाधित आढळली. नागपुरात २०२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिसांनी गंगा-जमुनेची वस्ती बंद केली आणि त्यावरून बराच काळ आंदोलन झाले. २०२२ च्या १९ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की या स्त्रियांनाही सन्मानाने जगण्याचा घटनादत्त हक्क आहे आणि छाप्यात त्यांचा छळ होता कामा नये.

भंडाऱ्यात उठवायला वस्तीच नाही. मुंबई-कलकत्ता महामार्ग जिल्ह्यातून जातो, धाब्यांवर मालमोटारी थांबतात. मोबाइल फोन आल्यापासून आपल्याकडे सर्वत्रच अड्ड्याची गरज उरलेली नाही. अशा जिल्ह्यांतली बाई बहुधा कोणाच्या शेजारी राहते, तिची मुले शाळेत जातात, ती सणावाराला चर्चमध्ये किंवा देवळात दिसते. तिला तिकीट नाही, तिची नोंदही नाही. देशपातळीवर २०१४-१५ च्या पाहणीत देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांमध्ये एच.आय.व्ही.चे प्रमाण शेकडा २.२ इतके उतरलेले आढळले. ते उतरले ते बायकांनीच बायकांपर्यंत पोचून केलेल्या कामामुळे आणि फुकट मिळणाऱ्या औषधांमुळे. २०१७ च्या एच.आय.व्ही. कायद्याने संमतीवाचून तपासणी करण्यास आणि बाधिताला भेदभावाने वागवण्यास बंदी घातली. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे.

जिल्हा रुग्णालयांत आता ‘सुरक्षा क्लिनिक’ या नावाची खोली असते. गुप्तरोगाच्या औषधांची पाकिटे तेथे रंगांवरून ओळखली जातात. स्रावासाठी करडे व हिरवे, व्रणासाठी पांढरे, पेनिसिलिन न सोसणाऱ्यांसाठी निळे, ओटीपोटाच्या दुखण्यासाठी पिवळे. पांढऱ्या पाकिटात तीच जुनी पेनिसिलिनची सुई आहे. औषध नेताना जोडीदारालाही घेऊन या, असे तेथे सांगितले जाते. कामठीच्या डॉक्टरांनी ज्याला कधी बोलावले नाही, तो हा दुसरा माणूस. तो क्वचितच येतो, आणि बाई त्याची गोळी पदरात बांधून घरी नेते.